डाव्या हाताचा गिलावा

दाजी, तुमच्या मयताच्या दिवशी मी तुमची भिंत फोडली. तुम्ही तिथंच चार हातांवर निजलेले होता. मी छन्नी लावली तरी तुम्ही उठला नाहीत, तेव्हा कुठं मला खरं वाटलं की तुम्ही गेलात. एरवी त्या भिंतीला कुणी नख लावलं असतं तर तुम्ही भरल्या ताटावरून उठून आला असता.

आता राख सावडून झाली. माणसं येतायत, बसतायत, चहा पिऊन जातायत. मिस्त्री म्हणजे देवमाणूस, असं जो तो म्हणून राहिलाय. मी मान हलवतो. तुमचा जन्म कुठला, तुम्ही किती घरं उभी केली, कशानं गेलात, हे साऱ्या औशाला ठाऊक आहे, ते मी लिहीत बसत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. अकरा वर्षं एकच सवाल पोटात घेऊन फिरलो, आणि तो विचारायच्या आत तुम्ही निघून गेलात. सवाल साधा होता. मी तुमचा हात मोडला, त्यानंतर तुम्ही माझ्या बहिणीवर पुन्हा हात उचलला का?

वायरमनचा कोर्स करून मी हदगावहून तुमच्याकडे आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं. तुम्ही गवंडी, मी वायरमन. म्हणजे तुम्ही गिलावा करायचा आणि मी तो फोडायचा. जन्माचं वैरच ते. पहिल्याच दिवशी किल्ल्याजवळच्या एका जुन्या घरात तुम्ही मला बोर्ड बसवायला लावलं. दगडमातीची भिंत, वरून चुन्याचा गिलावा, आणि मी छन्नी धरून हातोडीचे दोन दणके घातले. परातीएवढा गिलावा खाली आला. तुम्ही पायाडावरून उतरलात, शांतपणे माझ्यासमोर येऊन उभे राहिलात आणि कानाखाली अशी वाजवलीत की दिवसभर मला त्या कानानं धड ऐकू येत नव्हतं. घरमालक बघत होता. मग तुम्ही माझ्या हातातली हातोडी काढून घेतलीत आणि म्हणालात, "भिंतीला मारायचं नसतं. खरवडायचं असतं."

आणि शिकवलंत. हे मी नाकबूल करणार नाही. आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवायची. टणक वाजली तर जागा चांगली, बद्द वाजली तर आत गिलावा सुटलेला आहे, तिथं हात लावायचा नाही. मग टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा मारायचा, म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणारे सगळे उंचवटे आणि डागडुजीचे ठिगळ सावलीत दिसायला लागतात. मग करवतीच्या मोडक्या पात्यानं खाचेची हद्द कापून घ्यायची, पाणी मारायचं, आणि छन्नी हातानंच दाबत दाबत आतली माती काढायची. खाच तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. सॉकेटचे स्क्रू धरणारी लाकडाची गुल्लीही तशीच, एक टोक जाड, एक टोक निमुळतं, आणि जाड टोक आत घालायचं. सगळे वायरमन उलटं करतात. खिळ्यासारखं निमुळतं टोक आत ठोकतात, म्हणून सहा महिन्यांत सॉकेट भिंतीतून लोंबायला लागतो. जाड टोक आत असेल आणि भोवती विटेचे तुकडे घालून पक्कं भरलं असेल, तर पिन किती का ओढा, गुल्ली बाहेर येत नाही. लातूरमध्ये आज माझं जे काही नाव आहे ते ह्या एका गोष्टीवर आहे. क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या जुन्या खोल्यांमध्ये मी बसवलेला एकही सॉकेट अजून हललेला नाही.

ड्रिल मशीनवरून आपलं कायम वाजायचं. तुम्ही म्हणायचा, त्या मशीननं भिंतीच्या काळजाला हादरा बसतो. मी म्हणायचो, दाजी, जग कुठं चाललंय. तुम्ही म्हणायचा, जग जाऊ दे मसणात, तू माझ्या गिलाव्यापासून लांब राहा. हे बोलताना तुम्ही हसायचा. तुम्ही हसलात की मला तुमच्यासाठी जीव द्यावा वाटायचा, हेही लिहून ठेवतो. माझ्या बापानं मला जेवढं शिकवलं नाही तेवढं तुम्ही शिकवलंत, आणि मी तापानं फणफणलो तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारेही तुम्हीच होता.

पण अंगणातल्या ज्या पत्र्याच्या शेडात मी राहायचो, तिथं घरातलं सगळं ऐकू यायचं. आधी तुमचा आवाज. मग भांड्यांचा. मग मधल्या भिंतीवर काहीतरी जाऊन आदळायचं, आणि मग काहीच नाही. अक्का रडायची नाही. ती रडली असती तर मी उठलो असतो, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. खरं म्हणजे मी तुमचं खात होतो, तुमच्याकडं शिकत होतो, आणि तुम्हाला भीत होतो. दुसऱ्या दिवशी तोंड धुतलं की तुम्ही थापी आणि गुरमाळा घेऊन पुढच्या खोलीत मधल्या भिंतीपुढं बसायचा. जिथं पोपडा उडालेला असायचा तिथं नवा गिलावा भरून गुरमाळा फिरवत असा सपाट करायचा की तासाभरात काही झालंच नव्हतं असं वाटावं. मी कधी विचारलं तर म्हणायचा, उंदरं लई झालीत. चुना कोण मळून द्यायचं? मी. गुळगुळीत मळून द्यायचो, आणि उंदरांना शिव्याही द्यायचो.

सहा वर्षं असं चाललं. मग ती खिळ्याची दुपार.

अक्कानं ज्योतीचं दप्तर अडकवायला भिंतीत खिळा ठोकला. तुमच्या लेकीचं दप्तर, तुमच्याच घरात, एक खिळा. तुम्ही कामावरून जेवायला आलात आणि तो पाहिलात. मी अंगणात पाइप वाकवत होतो. आत आलो तेव्हा तुम्ही डाव्या हातानं तिची मान भिंतीला दाबून धरली होती. तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि तुमचा उजवा हात दाराच्या चौकटीजवळ भिंतीला टेकलेला होता. मारून मारून तुम्हाला धाप लागली होती आणि तुम्ही तिथं हात टेकून दम घेत होता. तो दम घेणं मी अजून विसरलेलो नाही. पुढचं मारायला तुम्ही दम घेत होता. माझ्या हातात हातोडी होतीच. मी ती त्या उजव्या मनगटावर घातली, खाली भिंत आणि वर हातोडी, आणि एकदा नाही, दोनदा घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं, दाजी. खोटं कशाला बोलू. लई बरं वाटलं.

तुम्ही ओरडलाही नाहीत. खाली बसलात, हात पोटाशी धरलात, पांढरे फटक पडलात आणि मला म्हणालात, "भिंतीला लागलं का बघ."

लागलं होतं. दुसरा घाव घसरून चौकटीजवळ हातोडीच्या तोंडाएवढा खड्डा पडला होता. मी तो बघत असतानाच अक्का उठली, पदरानं रक्त पुसलं आणि मला म्हणाली, नीघ, ह्या घरात पुन्हा पाय ठेवू नको. मी तिला वाचवलं होतं आणि ती मला हाकलत होती. पिशवी उचलली आणि लातूरची एसटी धरली.

दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, पायाडावरून पडलो. भावकीतही तेच सांगितलंत. माझं नाव तुम्ही कुठंच घेतलं नाहीत. तो हात पुन्हा सरळ झाला नाही, थापी डाव्या हातात गेली, मोठी कामं सुटली, तरी नाही घेतलंत. उलट वर्षभरात लातूरला माझ्याकडं माणसं यायला लागली. जुनी घरं असलेली माणसं. म्हणायची, औशाच्या मिस्त्रीनं पाठवलंय, जुनी भिंत असली तर बालाजीलाच बोलवा म्हणाले, बाकीचे फोडून ठेवतात. पहिला माणूस असं म्हणाला तेव्हा मी दुकानाच्या मागं जाऊन रडलो. मला वाटलं, माणूस बदलला. हात गेला पण आतला राग गेला. लग्नकार्यात आपण समोरासमोर यायचो, तुम्ही लांबून मान हलवायचा, अक्का तोंड फिरवायची. मी मनाला सांगायचो, बहीण तुटली तर तुटली, तिचा मार तरी थांबला. सौदा वाईट नाही झाला. अकरा वर्षं मी ह्या एका गोष्टीवर काढली.

आणि मग परवा भावकीतल्या कुणाचा तरी फोन, मिस्त्री गेले. मी गाडीवर टांग टाकली आणि तासाभरात औशात होतो. दाराशी थांबलो. पाय ठेवू नको म्हणाली होती ना. आतून अक्कानंच पाहिलं आणि ये म्हणून मान हलवली.

ज्योती पुण्याहून निघालेली, पोचायला चार वाजणार होते. मे महिन्यातलं ऊन, सकाळी नऊलाच पत्रा तापलेला. भावकीनं शीतपेटी मागवली. टेम्पो आला, चौघांनी काचेची पेटी पुढच्या खोलीत मधल्या भिंतीला लागून ठेवली, आणि पेटीवाल्यानं तिची मोठी पिन सॉकेटात घातली. सॉकेट हलत होता म्हणून त्यानं पिन जरा दाबली, मग नीट बसवायला मागं ओढली, तर अख्खा सॉकेटच पिनेबरोबर भिंतीतून बाहेर आला. वायरी लोंबायला लागल्या, एक ठिणगी उडाली, बायका किंचाळून मागं सरकल्या. मी जाऊन पाहिलं. गुल्ली खिळ्यासारखी ठोकलेली, निमुळतं टोक आत. माझ्यामागं तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं होतं आणि हे असलं काम तुमच्या भिंतीत चालवून घेतलं होतं. मयताच्या घरात मला त्याचाच राग आला.

पेटीवाला म्हणाला, एक्स्टेन्शनवर आमची मशीन चालत नाही, वायर गरम होते, पक्का पॉवर सॉकेट पाहिजे, न्हाईतर मी पेटी परत नेतो. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. अक्का तुमच्या पायाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "बाला, तू कर."

अकरा वर्षांत तिनं मला नावानं पहिल्यांदा हाक मारली ती ही.

तुम्हाला तोपर्यंत पलीकडं बर्फाच्या लाद्यांमध्ये ठेवलं. बायकांना अंगणात सावलीला बसवलं. मेन बंद केला, टेस्टर लावून बघितला. जुनी खाच पार वाया गेली होती, तिथं आता काही धरणार नव्हतं, म्हणून शेजारी नवी जागा शोधायला लागलो. पेरानं वाजवलं. बद्द. वीतभर सरकलो. बद्द. अजून वर, बद्द. मी पिशवीतून टॉर्च काढला आणि तुम्ही शिकवलं तसा भिंतीला चिकटवून तिरपा मारला.

आधी चौकटीजवळचं ठिगळ दिसलं, माझ्या हातोडीच्या खड्ड्याचं. ते तुम्ही हात मोडल्यावर भरलेलं, म्हणजे डाव्या हातानं. आणि ते दिसत होतं. तुमचा उजवा हात गुरमाळा फिरवायचा तेव्हा गिलाव्यावर बारीक कमानी उमटायच्या, त्या सगळ्या उजवीकडं झुकलेल्या असायच्या. तुम्ही केलेला गिलावा मी गावातल्या कुठल्याही घरात त्यावरून ओळखायचो. ह्या ठिगळातल्या कमानी डावीकडं झुकल्या होत्या. वेड्यावाकड्या, शिकाऊ माणसानं काढाव्यात तशा. मी टॉर्च पुढं सरकवला.

पुढं अजून एक ठिगळ होतं. डोक्याच्या उंचीला. कमानी डावीकडं.

त्याच्या खाली एक. डावीकडं. खिडकीशेजारी एकात एक मिसळलेली दोन. चुलीच्या बाजूला एक मोठं, डावा हात सरावल्यावरचं, जरा सुबक. मी मळून दिलेल्या चुन्याची, उजव्या हाताची जुनी ठिगळंही मला दिसत होती, ती मला तोंडपाठ होती. पण ही नवी त्यांच्याहून जास्त होती. माझी हातोडी पडल्यानंतरची ही सगळी. मी टॉर्च धरून भिंतीपुढं उभा, आणि माझ्या सवालाचं उत्तर तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मागून अक्काचा आवाज आला. "तिथं नको घेऊ बाला, तिथं पोकळ हाय." मी हात खाली नेला. "तिथं बी न्हाई." ती भिंतीकडं बघतसुद्धा नव्हती. मग उठून आली, माझा हात धरून एका जागेवर ठेवला, गुडघ्याच्या जरा वर, आणि म्हणाली, "हितं घे. हितं कधी काय झालं न्हाई."

मी वाजवलं. टणक.

मग मी तुमच्या पद्धतीनं काम केलं. दुसरी मला येतच नाही. हद्द कापली, पाणी शिंपडलं, छन्नी दाबत माती काढली, खाच आतून रुंद केली. वाळकं सागवान पिशवीत होतं, त्याच्या दोन गुल्ल्या तासल्या, जाड टोकं आत घातली, विटेचे तुकडे ठासले आणि प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं. मीटरपासून पट्टीतून नवी जाड वायर आणली. अर्थिंग अंगणातल्या खड्ड्यापर्यंत तपासून आलो, कारण पेटीला लोखंडी चौकट होती आणि लोक तिच्यावर डोकं टेकवून रडणार होते. हात काम करत होते आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. प्लास्टर आवळायला वेळ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात अक्का माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली.

मी हळूच विचारलं, अक्का, माझ्यामागं पण? ती हाव म्हणाली. नुसतं हाव, बाजाराला चाललीस का म्हटल्यावर म्हणावं तसं. मी म्हणालो, पण हात तर मोडला होता. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"उजव्या हातानं मारायचे तवा त्यांना मालूम असायचं किती लागंल. मिस्त्रीचा हात व्हता, मापात बसायचा. डाव्याला माप न्हवतं, बाला."

दाजी, मी लोखंडाच्या खाली बोट सापडल्यावर ओरडलोय, करंट लागून शिडीवरून पडलोय. पण असं काही मला कधी लागलं नाही. माझ्या त्या दोन घावांनी तिला काय दिलं होतं, तर माप नसलेला हात. मी पुन्हा तोंड उघडलं, म्हणालो, मग मला हाकललंस का, एकदा बोलावलं असतंस तर. ती म्हणाली, "तू मला इचारलंस का मारायच्या आदी? तुजं मारून झालं अन् तू गेलास लातूरला. मागं मी ऱ्हायले."

माझी हातोडी मांडीवर होती आणि तुम्ही चार हातांवर होता, नाकात कापूस, कपाळावर अबीर, चेहरा एकदम शांत. मला उठून त्या शांत चेहऱ्यावर हातोडी घालावी वाटली. मेलेल्या माणसाच्या. मी उठलोही होतो, गुडघ्यावर आलो होतो. आणि त्याच वेळी मला हेही आठवत होतं की पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना तुम्ही वाटेत मला गोष्टी सांगत होता, मी झोपू नये म्हणून. दोन्ही खरं आहे. कुठलं कुठं ठेवू, हे मला अजूनही सुचत नाही. ज्या हातानं मला धंदा दिला तोच हात, आणि जो मी मोडला तोही तोच. माणसं माझ्याकडं पाठवताना तुमच्या मनात काय होतं? मला चांगलं वाटावं म्हणून पाठवत होता, की मी लातूरला गुंतून राहावं आणि औशाकडं वळू नये म्हणून? ते तुम्ही सांगून जायला पाहिजे होतं. मी तुमच्यावर माया केली, दाजी, आणि आज मला त्या मायेची लाज वाटते, आणि तरी ती जात नाही.

अक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, वाळलं का बघ. मी बघितलं. वाळलं होतं. स्क्रू आवळले, डबी बसवली, सॉकेट बसवला, दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढून बघितला. भिंत हलली नाही. मेन चालू केला, पेटीवाल्यानं पिन घातली, मशीन घरघरायला लागली आणि चौघांनी तुम्हाला उचलून आत ठेवलं.

ज्योती चार वाजता आली. काचेवर डोकं ठेवून ती रडली ते मी सांगत नाही, तिचे तुम्ही बाप होता आणि चांगले बाप होता, तिच्या अंगाला तुम्ही कधी बोट लावलं नाहीत. अंघोळ झाली, तिरडी बांधून झाली. तुम्हाला उचलायच्या आधी तुमची थोरली बहीण चार बायका घेऊन अक्कापुढं आली. तिच्या हातात वरवंटा होता. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायची रीत करायची होती. तिनं अक्काचं मनगट धरलं आणि खाली दगडावर टेकवायला ओढलं. अक्कानं हात मागं घेतला. तिनं पुन्हा ओढला, आता दुसरी बाईही धरायला आली.

माझा हात पिशवीत गेला होता. हातोडीच्या दांड्यावर. ते मला कळलं तेव्हा मी हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, मी काय करू?"

"काय करू नको," ती म्हणाली. "निसता माज्यापाशी उभा ऱ्हा."

मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. तिनं मनगट सोडवून घेतलं. नणंदेकडं बघितलं, आवाज चढवला नाही, पण अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली, "वन्सं, ह्या हातातल्या ज्या फुटायच्या त्या तुमच्या भावाच्या हातानं फुटल्या. ऱ्हायल्यात तेवढ्या ऱ्हाऊ द्या."

कुणी काय बोललीस म्हणून विचारलं नाही. कुणाला नवलही वाटलं नाही. तुमच्या बहिणीनं मान खाली घातली, वरवंटा पदराखाली घेतला आणि ती बाजूला झाली. बाकीच्या बायका जमिनीकडं बघत राहिल्या, आणि गडी माणसं तर त्याहून. सगळ्यांना ठाऊक होतं, दाजी. सगळ्या गल्लीला. चुना मळणारा मी एकटा नव्हतो.

मग भावकीनं तुम्हाला उचललं. माझ्यासाठी एक खांदा मोकळा ठेवला होता, दोघांनी हाकाही मारल्या, ये बालाजी, तुझे दाजी होते. तुम्ही वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी तिथंच होतो. मी खांदा दिला नाही. मी अक्कापाशी उभा होतो.